स्क्रिप्ट भाषांतून बाह्य आज्ञा चालविण्याच्या पद्धतीचा विकास (१९७१ ते २०२४) : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

एखाद्या प्रोग्रामने आपले काम स्वतः न करता दुसऱ्या तयार प्रोग्रामकडून करवून घेणे, ही संगणकव्यवहारातील जुनी व उपयुक्त पद्धत आहे. पर्ल, पायथन, पीएचपी यांसारख्या स्क्रिप्ट भाषांची लोकप्रियता बऱ्याच अंशी याच सोयीवर उभी राहिली. मात्र हीच सोय पुढे सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठी त्रुटी ठरली. प्रस्तुत शोधनिबंधात युनिक्सच्या प्रारंभापासून २०२४ पर्यंतच्या या पद्धतीच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे. आज्ञा व तिच्यासोबत दिलेली माहिती वेगळी ठेवणारा सुरक्षित मार्ग नंतर सापडलेला नसून तो प्रारंभापासूनच उपलब्ध होता, आणि मधल्या काळात सोयीपोटी तो बाजूला पडला, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : शेल, युनिक्स, स्क्रिप्ट भाषा, बाह्य आज्ञा, संगणक सुरक्षा

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर वापरकर्ता एक ओळ टंकलिखित करतो. ती ओळ वाचून, तिचे शब्दांत विभाजन करून, हवा तो प्रोग्राम सुरू करून देणारा मध्यस्थ म्हणजे शेल. माणूस समोर बसून आज्ञा देतो तेव्हा शेलचे काम सरळ असते. परंतु अनेकदा एखादा प्रोग्रामच शेलला आज्ञा देतो. छायाचित्राचा आकार लहान करणे, फाइल संकुचित करणे, टपाल पाठविणे अशा कामांसाठी तयार प्रोग्राम असतात. ते पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा स्क्रिप्टमधून त्यांना बोलावणे केव्हाही श्रेयस्कर. त्यासाठी स्क्रिप्ट आज्ञेची ओळ तयार करते व ती शेलच्या हाती सोपविते.

अडचण इथेच सुरू होते. समजा, एखाद्या कार्यालयातील साहेब शिपायाला चिठ्ठी लिहून देतात : 'अमुक गृहस्थांची फाइल घेऊन ये.' गृहस्थांनी कागदावर लिहून दिलेले नाव साहेब न वाचता चिठ्ठीत उतरवितात. त्या नावापुढेच 'आणि तिजोरी उघडून ठेव' असे लिहिलेले असेल, तर शिपायाच्या दृष्टीने तीही साहेबांचीच आज्ञा ठरते. शेलची स्थिती या शिपायासारखी आहे. ओळीतला कोणता भाग प्रोग्राम लिहिणाऱ्याचा आणि कोणता परक्याकडून आलेला, हे ओळीवरून त्याला कळू शकत नाही. अर्धविराम, उभी रेघ, डॉलरचे चिन्ह, उलटे अवतरणचिन्ह यांना शेलच्या व्याकरणात विशेष अर्थ आहे. अर्धविरामानंतर त्याच्या लेखी नवी आज्ञा सुरू होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. बाह्य आज्ञा चालविण्याच्या पद्धतींचा उगम व विकास यांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२. या पद्धतीतील त्रुटी कोणत्या परिस्थितीत धोकादायक बनल्या, याचा शोध घेणे.
३. त्यांवर योजलेल्या उपायांचे यशापयश तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. युनिक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांच्या पुस्तिका, भाषानिर्मात्यांचे प्रकाशित लेख आणि सुरक्षाविषयक जाहीर सूचना यांतून ज्ञात असलेल्या माहितीचा आधार घेतला आहे.

शेलचा उदय आणि यादीचा मूळ मार्ग

आज्ञांची मालिका आधी लिहून ठेवून ती चालविण्याची कल्पना युनिक्सच्या आधीची आहे. अमेरिकेतील मसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये सीटीएसएस या प्रणालीसाठी लुई पूझँ यांनी १९६३ च्या सुमारास 'रनकॉम' हा प्रोग्राम लिहिला. 'शेल' हा शब्दही त्यांचाच. मल्टिक्स या पुढच्या प्रणालीसाठी १९६५ मध्ये ग्लेंडा श्रोडर यांनी पहिले शेल तयार केले. आज्ञा वाचणारा भाग हा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात असण्याचे कारण नाही, तो बाहेरचा एक सामान्य प्रोग्राम असू शकतो, हा विचार येथून रुजला.

बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. चालू प्रोसेसची प्रत काढणारी 'फोर्क' ही सुविधा बर्कलेच्या कालविभागणी प्रणालीवरून घेतलेली होती. पीडीपी-७ या यंत्रावर तिच्यासाठी असेंब्ली भाषेच्या केवळ २७ ओळी पुरल्या, अशी नोंद रिची यांनी केली आहे. प्रत काढल्यानंतर तिच्या जागी दुसरा प्रोग्राम आणून बसविण्याचे काम 'एक्झेक' ही सुविधा करते. नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या पुस्तिकेत या दोहोंचे वर्णन आढळते.

येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. 'एक्झेक'ला सलग ओळ दिली जात नाही. तिला प्रोग्रामचे नाव आणि आर्ग्युमेंटांची, म्हणजे त्या प्रोग्रामला पुरवायच्या शब्दांची, सुटी यादी दिली जाते. यादीतला प्रत्येक घटक जसाच्या तसा पुढच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचतो. त्यात अर्धविराम असो वा रिकामी जागा, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा त्याचा अर्थ लावीत नाही. ओळीचे शब्द पाडण्याचे काम शेलचे. यादी तयार झाल्यावर ते संपते. म्हणजेच आज्ञा व माहिती वेगळी ठेवणारा मार्ग युनिक्सच्या गाभ्यात १९७१ पासूनच होता.

सलग ओळीची सोय

डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ पासून पुरस्कारिलेली 'पाइप'ची कल्पना १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली. एका प्रोग्रामचे फलित सरळ दुसऱ्याकडे वळविता येऊ लागले आणि लहान लहान प्रोग्राम जोडून मोठे काम साधण्याची शैली रूढ झाली. ही जोडणी शेलच्या भाषेत अगदी थोडक्यात लिहिता येते. तीच 'फोर्क' व 'एक्झेक' वापरून सी भाषेत लिहायची झाल्यास अनेक ओळी खर्ची पडतात. शेलची संक्षिप्त भाषा आपल्या प्रोग्राममध्येही वापरता यावी, अशी इच्छा होणे स्वाभाविकच होते.

ही इच्छा 'सिस्टीम' व 'पीओपन' या सी भाषेच्या दोन फंक्शनांनी पुरी केली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ही दोन्ही उपलब्ध होती. स्टीफन बॉर्न यांचे शेलही त्याच आवृत्तीचे. 'सिस्टीम' फंक्शन एक सलग ओळ घेते, शेल सुरू करते व ती ओळ त्याच्याकडे देते. 'पीओपन' हेच करून त्या आज्ञेशी देवाणघेवाण करण्यासाठी पाइपही उघडते. 'सिस्टीम' फंक्शनला पुढे १९८९ च्या अमेरिकन सी प्रमाणकात स्थान मिळाले.

या रचनेतील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आज्ञेतले शब्द मुळात वेगवेगळे ठाऊक असतात. तो ते एकत्र चिकटवून ओळ करतो. शेल ती पुन्हा तोडून यादी करते. आणि गाभ्याकडे शेवटी यादीच जाते. जोडणे व तोडणे यांत मूळ सीमारेषा हरवण्याची शक्यता असते. युनिक्समध्ये फाइलच्या नावात तिरपी रेघ व शून्य-अक्षर वगळता कोणतेही चिन्ह चालते. 'बी.ए. प्रथम वर्ष निकाल' या नावाची एकच फाइल, अवतरणचिन्हांशिवाय ओळीत घातली की, शेलच्या दृष्टीने चार शब्द होतात.

हा दोष निर्मात्यांना ठाऊक नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी प्रोग्राम लिहिणारा, तो वापरणारा व यंत्राची देखभाल करणारा हे एकाच प्रयोगशाळेतील सहकारी असत. शेलवर थेट आज्ञा देण्याचा अधिकार सर्वांनाच होता. आपल्याच अधिकाराने आपलेच नुकसान करून घेण्यापलीकडे सहसा काही घडत नसे. याला एक अपवाद होता, तो म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालणारे विशेष प्रोग्राम. शब्दांची विभागणी कोणत्या चिन्हावर करावी हे सांगणारे 'आयएफएस' हे मूल्य जुनी शेले वापरकर्त्याकडून जसेच्या तसे स्वीकारीत. ते बदलून तिरपी रेघ केली की, पूर्ण पत्ता देऊन लिहिलेल्या आज्ञेचे तुकडे पडत व भलताच प्रोग्राम मालकाच्या अधिकाराने चालविता येई. नंतरच्या शेलांनी बाहेरून आलेले हे मूल्य नाकारण्यास सुरुवात केली.

स्क्रिप्ट भाषांचा स्वीकार

आहो, वाइनबर्गर व कर्निगन यांनी १९७७ मध्ये रचलेल्या ऑक या भाषेत 'सिस्टीम' फंक्शनची भर १९८० च्या दशकातील सुधारित आवृत्तीत पडली. डिसेंबर १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या पर्लने मात्र बाह्य आज्ञेला भाषेच्या व्याकरणातच स्थान दिले. उलट्या अवतरणचिन्हांत आज्ञा लिहिली की तिचे फलित सरळ हाती येते, ही शेलचीच रीत पर्लने उचलली. फाइल उघडण्याच्या 'ओपन' या फंक्शनलाही नावाऐवजी उभी रेघ लावलेली आज्ञा देता येई. परिणामी, फाइलचे नाव परक्याकडून आलेले असेल तर 'फाइल उघडा' याचे 'आज्ञा चालवा' कधी होईल, याचा भरवसा राहिला नाही.

पर्लच्या 'सिस्टीम'मध्ये आणखी एक बारकावा आहे. दिलेल्या ओळीत शेलची विशेष चिन्हे नसतील, तर पर्ल स्वतःच शब्द पाडून प्रोग्राम थेट चालविते. चिन्हे असतील तरच शेलला बोलाविते. वेगाच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु चाचणीच्या वेळी साधी नावे दिली असता शेल मध्ये येतच नाही, आणि प्रत्यक्ष वापरात विचित्र नाव आले की अचानक येते. अशा वेळी दोष चाचणीत दिसत नाही. त्याच वेळी हेही नमूद केले पाहिजे की, 'सिस्टीम'ला ओळीऐवजी यादी दिल्यास शेल टाळण्याची सोय पर्लमध्ये होती. ती फारशी वापरली गेली नाही, कारण ओळ लिहिणे अधिक सोपे होते.

जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ च्या सुमारास बर्कले येथे विकसित केलेल्या टीसीएलने वेगळा मार्ग निवडला. तिची 'एक्झेक' ही आज्ञा शेलला बोलावीत नाही. पाइपसुद्धा ती स्वतः जोडते. सोय व सुरक्षितता यांत अटळ विरोध नाही, हे यावरून दिसते. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या गिदो व्हान रॉसम यांच्या पायथनने मात्र सी भाषेतील परंपरा स्वीकारून 'सिस्टीम' व 'पीओपन' यांचा समावेश केला.

महाजालाचा उदय आणि बदललेली परिस्थिती

इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात १९९३ मध्ये कॉमन गेटवे इंटरफेस अर्थात सीजीआयची आखणी झाली. संकेतस्थळावर कोणी अर्ज भरला की, सर्व्हर एक प्रोग्राम सुरू करतो व अर्जातील मजकूर त्याला पुरवितो. असे कितीतरी प्रोग्राम पर्लमध्ये लिहिले गेले. आता ओळीत चिकटविला जाणारा मजकूर प्रयोगशाळेतील सहकाऱ्याचा राहिला नाही. तो जगातील कोणाही अनोळखी व्यक्तीचा असू शकत होता, आणि त्या व्यक्तीला यंत्रावर कोणताही अधिकार दिलेला नव्हता. पद्धत तीच राहिली. तिच्यामागील विश्वासाचे गृहीतक मात्र नाहीसे झाले.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 'पीएचएफ'. दूरध्वनी-सूचीत शोध घेणारा हा नमुना-प्रोग्राम एनसीएसए व अपाची या सर्व्हरांसोबत वितरित होत असे. तो सी भाषेत होता व 'पीओपन' वापरीत असे. त्याच्या कर्त्यांनी धोका ओळखलेला होता. शेलची विशेष चिन्हे निष्प्रभ करणारे फंक्शन त्यात वापरले होते. परंतु त्या चिन्हांच्या यादीत नव्या ओळीचे चिन्ह राहून गेले. नव्या ओळीनंतर शेल नवी आज्ञा वाचते. त्यामुळे नावाच्या रकान्यातून हव्या त्या आज्ञा चालविता येऊ लागल्या. मार्च १९९६ मध्ये सर्ट या संस्थेने याविषयी जाहीर इशारा दिला.

या घटनेतून मिळणारा बोध व्यापक आहे. वाईट चिन्हे वेचून बाजूला काढण्याच्या उपायात शेलचे संपूर्ण व्याकरण आपल्याला ज्ञात आहे असे गृहीत धरावे लागते. एक चिन्ह राहिले तरी सारा उपाय वाया जातो.

डाग ओळखण्याचा प्रयोग

पर्लने यावर अधिक मूलगामी उपाय योजला. बाहेरून आलेला मजकूर 'डागाळलेला' समजायचा, तो ज्या मजकुरात मिसळेल तोही डागाळलेला मानायचा, आणि डागाळलेल्या मजकुरापासून आज्ञा तयार झाल्यास प्रोग्राम थांबवायचा, असे त्याचे स्वरूप होते. १९९४ मधील पर्लच्या पाचव्या आवृत्तीत तो एका साध्या पर्यायाने चालू करता येई. डाग काढायचा तर मजकूर आपल्याला मान्य असलेल्या नमुन्याशी जुळवून त्यातला भाग उचलावा लागे. नको ते काढण्याऐवजी हवे तेवढेच घ्यावे, हा दृष्टिकोन यातून पुढे आला. प्रोग्राम शोधण्याच्या मार्गांची सूचीही स्वतः ठरवून देणे बंधनकारक होते.

याउलट, पीएचपीने मजकूर अवतरणचिन्हांत बंदिस्त करणारी फंक्शने पुरविली व त्यांचा वापर प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडला. तिच्यातील 'सेफ मोड' ही बंधनेही अपुरी ठरली आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढून टाकण्यात आली. डाग ओळखण्याची पद्धत तत्त्वतः श्रेष्ठ होती; परंतु ती आपणहून चालू करावी लागे. सुरक्षितता ऐच्छिक असते तेथे घाईत असलेला माणूस ती टाळतो, असा अनुभव आला.

यादीकडे पुनरागमन

२००० मधील पर्ल ५.६ मध्ये 'ओपन'ला फाइलचे नाव व उघडण्याचा हेतू वेगवेगळे देण्याची सोय झाली. २००२ मधील ५.८ मध्ये पाइपसाठीही आज्ञा यादीच्या स्वरूपात देता येऊ लागली.

पायथनमधील बदल अधिक निर्णायक होता. पीटर ओस्ट्रँड यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ३२४ क्रमांकाच्या प्रस्तावानुसार नोव्हेंबर २००४ च्या २.४ आवृत्तीत 'सबप्रोसेस' हा विभाग समाविष्ट झाला. तोवर पायथनमध्ये या एका कामासाठी अनेक विखुरलेली फंक्शने होती. त्या सर्वांची जागा घेणाऱ्या या विभागात आज्ञा यादीने देणे ही मूळ रीत ठरली. शेल हवीच असेल तर तसे स्पष्ट शब्दांत मागावे लागते. जुन्या विभागांपैकी 'पीओपन२' व 'कमांड्स' हे दोन डिसेंबर २००८ च्या ३.० आवृत्तीत वगळले गेले. २०१५ च्या ३.५ आवृत्तीत 'रन' या फंक्शनने हीच रीत आणखी सोपी केली.

या बदलाचे मर्म तंत्रापेक्षा व्यवहारात आहे. यादी १९७१ पासून होती, पर्लमध्येही होती. पायथनने सोपा मार्ग व सुरक्षित मार्ग हे एकच केले आणि धोक्याच्या मार्गावर जाण्यासाठी एक जादा पाऊल टाकावयास लावले. धोकादायक वाक्य त्यामुळे प्रोग्राममध्ये डोळ्यांना दिसू लागले, हाही एक लाभ. रूबी या भाषेतही 'ओपन'ला उभी रेघ देऊन आज्ञा चालविण्याची जुनी रीत २०२३ च्या ३.३ आवृत्तीपासून त्याज्य ठरविण्यात आली.

यादीच्या मर्यादा

तथापि यादीने सर्व प्रश्न सुटतात असे नाही. तीन बाबी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली बाब शेलच्या स्वतःच्या दोषांची. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बॅश या शेलमधील 'शेलशॉक' हा दोष सप्टेंबर २०१४ मध्ये उघड झाला. तो शोधणारे स्टेफान शाझेला. प्रोग्रामसोबत येणाऱ्या परिसर-मूल्यांत फंक्शनची व्याख्या असल्यास बॅश ती वाचीत असे आणि व्याख्या संपल्यावरही पुढचा मजकूर आज्ञा समजून चालवीत असे. सीजीआयमध्ये आगंतुकाच्या ब्राउझरचे नाव अशाच परिसर-मूल्यातून दिले जाते. त्यामुळे ज्या स्क्रिप्टमधील आज्ञेत परका मजकूर मुळीच नव्हता, तीही केवळ बॅशला बोलाविल्यामुळे संकटात आली. सुमारे २५ वर्षे हा दोष कोणाच्या ध्यानात आला नव्हता. डेबियनने मूळ शेल म्हणून त्याआधीच डॅशचा स्वीकार केलेला असल्याने तेथे या दोषाची झळ तुलनेने कमी बसली.

दुसरी बाब विंडोजची. डॉसमध्ये प्रोग्रामला यादी नव्हे, तर जास्तीत जास्त १२७ अक्षरांची एक सलग ओळ मिळत असे. विंडोजमध्ये लांबीची मर्यादा वाढली, पण ओळ कायम राहिली. तिचे शब्द पाडण्याचे काम चालविला जाणारा प्रोग्राम स्वतः करतो. म्हणून भाषेने यादी स्वीकारली तरी आत तिची ओळ करावीच लागते. विंडोज बॅच फाइल चालविताना आपणहून आज्ञा-दुभाषी मध्ये आणते, आणि त्याचे अवतरणाचे नियम निराळे आहेत. एप्रिल २०२४ मध्ये 'बॅटबॅडबट' या नावाने उघड झालेल्या दोषांचे मूळ हेच होते. रस्ट, पीएचपी, नोड यांसह अनेक भाषा व साधनांना त्यामुळे दुरुस्त्या कराव्या लागल्या.

तिसरी बाब साधी, पण नेहमी दुर्लक्षित राहणारी आहे. यादीतून दिलेले नाव संयोगचिन्हाने सुरू होत असेल, तर चालविला जाणारा प्रोग्राम त्याला नाव न समजता पर्याय समजतो. त्यासाठी 'येथून पुढे पर्याय नाहीत' असे सांगणारी दुहेरी संयोगचिन्हाची खूण यादीत घालावी लागते. बाह्य प्रोग्राम स्वतःच्या पोटात शेलला बोलावीत असेल, तर यादीचा उपयोग तेवढ्यापुरताच राहतो. मे २०१६ मध्ये चित्रप्रक्रियेच्या इमेजमॅजिक या साधनात असाच दोष आढळला होता.

निष्कर्ष

१. आज्ञा व माहिती वेगळी ठेवणारा यादीचा मार्ग सलग ओळीच्या मार्गापेक्षा जुना आहे. २००४ नंतरचा बदल म्हणजे मूळ मार्गाकडे झालेले पुनरागमन होय.
२. 'सिस्टीम' फंक्शनची रचना तिच्या काळाला अनुरूप होती. ती धोकादायक बनली, कारण महाजालामुळे माहिती पुरविणारे लोक बदलले आणि पद्धत मात्र तीच राहिली.
३. वाईट चिन्हे वेचून काढण्याचा उपाय विश्वासार्ह नाही, हे १९९६ मध्येच स्पष्ट झाले होते.
४. उत्तम उपायही ऐच्छिक असेल तर प्रचारात येत नाही. सुरक्षित रीत हीच सर्वांत सोपी रीत असली पाहिजे.
५. शक्य असेल तेथे बाह्य आज्ञेऐवजी भाषेतील तयार सुविधा वापरावी. अन्यथा यादी वापरावी. आणि शेल केवळ पूर्णतः आपण स्वतः लिहिलेल्या ओळीपुरती ठेवावी.

समारोप

१० जुलै २०२४ रोजी अमेरिकेतील सिसा व एफबीआय या संस्थांनी संयुक्त पत्रक काढून, आज्ञेत परका मजकूर घुसण्याचे दोष आपल्या उत्पादनांतून समूळ नाहीसे करावेत, असे आवाहन सॉफ्टवेअर निर्मात्यांना केले. आज्ञा व आर्ग्युमेंटे वेगळी ठेवणारी फंक्शने वापरावीत, हा त्यातील एक प्रमुख उपाय होता. १९७१ च्या पुस्तिकेत असलेली गोष्ट पन्नासहून अधिक वर्षांनी पुन्हा सांगावी लागली, यावरून सोयीचे आकर्षण किती प्रबळ असते याची कल्पना येते. आज प्रवेशअर्ज, निकाल, ग्रंथालयातील नोंदी अशा असंख्य ठिकाणी अनोळखी व्यक्तींचा मजकूर कोणत्या ना कोणत्या स्क्रिप्टच्या हाती येतो. म्हणून स्क्रिप्ट भाषा शिकविताना 'सिस्टीम' फंक्शनच्या आधी यादीची रीत शिकविली जाणे, आणि त्यामागील हा इतिहास विद्यार्थ्यांसमोर मांडला जाणे आवश्यक आहे.